सलामीचा बार

"हा आवाज आपल्या गाडीचा आहे?" अण्णांनी दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं.

मी इंजिन बंद केलं तरी कानात घुमत होतं. समोरचा टेलर हातातलं कापड तसंच धरून दारात आला होता. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हार्डवेअरचं दुकान विट्याच्या भर पेठेत. तिथे कुणी शिंकलं तरी चार माना वळायच्या. त्या दिवशी सगळी पेठच वळून बघत होती आणि मला ते आवडलं होतं.

"नंदूने सायलेन्सर बदललाय," मी म्हणालो.

हे अर्धंच खरं होतं. नंदू फिटरने सायलेन्सर बदलला नव्हता, काढून टाकला होता. गाडीच्या पोटाखालचा गंजका डबा त्याने गॅसकटरने कापला होता आणि त्या जागी एक सरळ नळी वेल्डिंग करून जोडली होती. मध्ये कसला अडथळाच उरला नाही. इंजिनाचा आवाज जसा निघेल तसा थेट बाहेर.

अण्णांनी गाडीच्या मागे जाऊन वाकून पाहिलं. "लग्नाच्या आधी जुना बसवून घे. वैजूच्या लग्नात हे भोंगाड नको मला."

मी हो म्हणालो. लग्नाला तीन आठवडे होते.

ही नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो. बी.कॉम.चे दोन विषय राहिलेले, दुकानात मन लागत नाही, आणि हातात अण्णांची जुनी फियाट. अण्णांनी ती कुणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतलेली. माझ्या बरोबरीच्या पोरांच्या घरी नव्या गाड्या आल्या होत्या. माझी फियाट रस्त्याने गेली तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. नळी बसवल्यापासून बघायला लागले.

नंदूने मला एक युक्तीही शिकवली होती. इंजिन जोरात पळवायचं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून ठेवूनच चावी बंद करायची, आणि इंजिन थांबायच्या आत पुन्हा फिरवायची. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन साचतं आणि चावी फिरवताक्षणी तिथेच पेटतं. बंदूक उडाल्यासारखा बार निघतो. पहिल्यांदा मी तो मायणी रस्त्यावर मोकळ्यात काढला तेव्हा बाभळीवरचे बगळे एकदम उठले आणि नंदू पोट धरून हसला.

जुना सायलेन्सर नंदूच्या भंगारात पडून राहिला. अण्णांनी दोनदा विचारलं, मी दोनदा उद्यावर ढकललं. मग लग्नाची धांदल सुरू झाली आणि त्यांचं विचारणंही थांबलं.

वैजूताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दाजी, म्हणजे प्रतापराव, पुण्याला कंपनीत होते. घर मात्र तासगावाकडच्या एका खेड्यात. मोठं खटलं, बागायत, आणि घरात सगळा शब्द त्यांच्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांना सगळे आबासाहेब म्हणायचे. आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचं स्थळ. त्यामुळे अण्णा महिनाभर जरा वाकूनच चालत होते. मानपानात कुठे कमी पडायला नको, एवढाच त्यांच्या जिवाला घोर.

आदल्या दिवशी दुपारी वऱ्हाड आलं. दाजींचे पाच-सहा मित्र पुण्याहून नव्या कोऱ्या गाडीतून आले होते. त्यांच्या सामानाला मदत करायला मी फियाट घेऊन गेलो. त्यातला एक बोनेटवर थाप मारत म्हणाला, "ही अजून चालते?" बाकीचे हसले. दाजीही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते लागलं.

लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. घोडी अण्णांनी ठरवली होती, बाबालालभाईंची. विट्यात दुसरी कुणाची ठरवतच नसत. बाबालालभाई गावाबाहेर ओढ्याकाठी राहायचे. साठीच्या आसपासचे, किडकिडीत, पांढरी टोपी आणि डोळ्यांत सुरमा. एकोणीस वर्षं ते लग्नांना घोडी देत होते. त्यांच्या या घोडीचं नाव शेवंती. पांढरी शुभ्र, नऊ वर्षांची. अण्णा ठरवायला गेले तेव्हा मी सोबत होतो. बाबालालभाई म्हणाले होते की शेवंतीच्या कानाशी हलगी बडवा, पायाशी फटाक्याची माळ लावा, ती शेपूटसुद्धा हलवणार नाही. आणि हे खरं होतं. आमच्या गल्लीतले निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवरून मारुतीला गेले होते.

सकाळी साडेदहाला मी हार आणायला बाहेर पडलो. हार घेऊन येताना पेठेतल्या रस्त्यावर परण्या आडवा आला. पुढे बँजो पार्टी, मग नाचणारे मित्र, मग घोडीवर दाजी, त्यांच्यामागे वऱ्हाडी बायका. पुढे सुतळी बॉम्ब फुटत होते आणि रस्ताभर धूर झाला होता. पलीकडे जाता येईना म्हणून मी गाडी शेजारच्या बोळात घातली. पण बोळाच्या टोकाला मांडव घातलेला. पुन्हा मागे घेत घेत मी गाडीचं मागचं तोंड रस्त्याला लागेपर्यंत आणलं आणि थांबलो. मागून मिरवणूक चाललेली.

बँजोवाल्यांनी गाणं बदललं, पोरांनी एकच गिल्ला केला. मला वाटलं, नवरीच्या भावाकडूनही एक सलामी होऊन जाऊ दे. ही गाडी चालते की नाही ते कळू दे. मी इंजिन पळवलं, चावी बंद केली, दोन आकडे मोजले आणि चावी फिरवली.

बार असा बसला की हातातलं स्टिअरिंग थरथरलं.

मग घोडीचं खिंकाळणं ऐकू आलं. मी मान वळवली तेव्हा शेवंतीचे पुढचे दोन्ही पाय हवेत होते आणि तिच्या पाठीवर कुणी नव्हतं. बाबालालभाईंनी लगाम सोडला नव्हता. ती त्यांना ओढत घेऊन गेली, रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर आपटवलं, तरी त्यांनी सोडला नाही. पुढे पानपट्टीच्या पत्र्यात तिचा मागचा पाय अडकला आणि ती थांबली. पांढऱ्या पायावरून रक्ताचा ओघळ खुरापर्यंत आला.

त्यानंतर मी जे केलं ते फार शांतपणे केलं. गाडी पुढे घेतली, अगदी हळू, आवाज होणार नाही इतकी. बोळाच्या टोकाला मांडवाच्या कापडाआड उभी केली. चावी काढली आणि चालत रस्त्यावर आलो. जणू दुसरीकडूनच धावत आलो असा.

दाजी एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. मुंडावळ्या तुटून गळ्यात आलेल्या, डावा हात उजव्या हाताने धरलेला, चेहरा पांढराफटक. गर्दीत जो तो सांगत होता की पोरांनी सुतळी बॉम्ब घोडीच्या जवळ टाकला. पोरं म्हणत होती, आमचा बॉम्ब तर पुढे होता. मग कुणीतरी म्हणालं, घोडीच बुजरी आहे. आणि ते सगळ्यांना पटलं, कारण त्यात कुणाचाच दोष नव्हता. फक्त घोडीवाल्याचा होता.

बाबालालभाई लंगडत, शेवंतीला धरून परत आले. तिच्या मानेवरून हात फिरवत काही पुटपुटत होते. आबासाहेब गर्दीतून पुढे गेले आणि त्यांनी बाबालालभाईंच्या मुस्काटात मारली. टोपी खाली पडली.

"असली बुजरी घोडी लग्नात आणतोस? पोरगं मेलं असतं म्हणजे?"

मी चार पावलांवर उभा होतो. मुठीत गाडीची चावी होती. बाबालालभाईंनी खाली वाकून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. बार निघाला तेव्हा ते घोडीच्या बोळाकडच्या अंगाला होते. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. त्यांनी सगळं पाहिलं होतं हे मला तेव्हाच कळलं.

आता ते बोलणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, बोलावेत असंही क्षणभर वाटलं.

"चुकलं साहेब," ते आबासाहेबांना म्हणाले. "घोडी बुजली. माझी चूक."

आणि ते तिला घेऊन निघून गेले. दोघंही लंगडत होते, ती उजव्या मागच्या पायाने आणि ते डाव्या गुडघ्याने.

डॉक्टरांनी दाजींचा हात गळ्यात बांधून दिला. खांद्याचं हाड सरकलं होतं. लग्न अर्धा तास उशिरा, पण लागलं. अक्षतांच्या आधी अण्णांनी मला कार्यालयाच्या कोठीघरात बोलावलं. तांदळाच्या पोत्यांमध्ये आम्ही दोघंच उभे होतो.

"तू होतास?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. बाहेर सनई सुरू झाली होती.

"आज संध्याकाळच्या आत जुना सायलेन्सर बसवून घे," ते म्हणाले आणि उपरणं सारखं करून बाहेर गेले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवाने त्याला आहेर द्यायचा. हात गळ्यात बांधलेल्या दाजींच्या कानाला मी हात लावला. ते कळवळत हसले आणि म्हणाले, "हळू रे, आधीच मोडलोय." सगळे हसले. त्यांनी एका हाताने मला घड्याळाची डबी दिली. मी ते घड्याळ एकदाही मनगटावर बांधलं नाही.

मला वाटलं होतं, इथे हे संपेल. पण वैजूताई आषाढात पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती वाळली होती. आईने खोदून विचारलं तर काहीच सांगेना. एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो असताना ती आपणहूनच बोलली. दाजींचा हात अजून डोक्याच्या वर जात नव्हता. घरातल्या बायका म्हणत होत्या की मुलगी उंबऱ्यात यायच्या आधीच नवरा पडला, पायगुण चांगला नाही. गावात कुणाचं लग्न असलं, बारसं असलं की सासूबाई तिला घरीच ठेवायच्या. कुणाची ओटी भरायला तिला पुढे करत नसत.

"घोडी बुजली त्यात माझं काय रे चुकलं?" तिने विचारलं. रडत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी उठून बाहेर गेलो. त्याच पायांनी ओढ्याकाठी बाबालालभाईंच्या घरी पोचलो.

गोठा रिकामा होता. बाबालालभाई दाराशी खाटेवर बसून दोरी वळत होते. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय समोर लांब पसरलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं. शेवंती कुठे आहे, म्हणून विचारलं, तर म्हणाले, विकली. नवरदेवाला पाडणारी घोडी असं एकदा नाव झाल्यावर कोण नेणार तिला? पायाची जखम भरली तसा पंढरपूरकडचा एक टांगेवाला घेऊन गेला.

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. नळी, चावी, बार, गाडी पुढे नेऊन लपवली ते, सगळं. त्यांनी दोरी वळणं थांबवलं नाही.

"हे मला कशापायी सांगता, भाऊ?" ते म्हणाले. "मी तर बघितलं व्हतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमच्या बहिणीला हळद लागली व्हती. मी तोंड उघडलं असतं तर मंडपात दोन्ही घरांत काठ्या-कुऱ्हाडी झाल्या असत्या. पोरीचं लगीन मोडलं असतं. मला काय, एक मुस्काटात." त्यांनी दोरीला पीळ दिला. "वाटलं, चार दिवसांनी तुम्ही स्वतःच सांगाल."

मग मी त्यांना ताईचं सांगितलं. ते ऐकताना मात्र त्यांचे हात थांबले.

"तर मग हितं कशाला बसलाय?" ते म्हणाले. "ज्याला ठावं हाय त्याला सांगून काय उपेग? तिच्या सासरी जाऊन सांगा. म्हणावं, नजरचूक झाली. तुमाला घोडी दिसली नसंल, येवढं तर मी बी जाणतो. जनावर समोर बघून असं कोण करतंय?"

ते माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलायची वाट बघत होते.

"नाही," मी म्हणालो, "दिसली नव्हती."

"त्येच सांगा," ते म्हणाले.

मला जायला दिवाळी उजाडली. पाडव्याला ताईच्या सासरी सगळी जेवायला बसलेली असताना मी उभा राहिलो आणि सांगितलं. वाक्यं बाबालालभाईंनी दिलेलीच होती. गाडीचा आवाज मोठा होता, बार माझ्या हातून निघाला, घोडी दिसली नाही. ताईने हातातलं वाढायचं पातेलं खाली ठेवलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी सहन करू शकलो नाही, पण त्या नजरेत सुटकाही होती.

पहिल्यांदा दाजी बोलले. "गाढवा, मग पाच महिने काय करत होतास?" आणि त्यांनी खांदा चोळत एक कोरडं हसू हसलं. त्यांच्या आई म्हणाल्या, "पोरकटपणा झाला, जाऊ दे. मुद्दाम थोडाच केलाय?" त्याच संध्याकाळी त्या ताईला घेऊन शेजारी एका बाळाला ओवाळायला गेल्या. मी ओसरीवरून त्या दोघींना ताट घेऊन जाताना पाहिलं.

आबासाहेब मात्र काहीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, विट्याला जायचंय. तो घोडीवाला कुठे राहतो ते दाखव."

मोठा माणूस, उभा गाव ज्यांच्यापुढे वाकायचा, ते बाबालालभाईंच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. बाबालालभाई धडपडत खाटेवरून उठायला लागले. गुडघ्याने साथ दिली नाही, तेव्हा आबासाहेबांनीच त्यांना धरून बसवलं. आतून चहा आला.

मग आबासाहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याला काय शिक्षा करायची ती तुम्ही सांगा."

बाबालालभाईंनी मान हलवली. "शिक्षा कशाची, साहेब? भाऊंनी मुद्दाम न्हाई केलं. घोडी त्यांच्या नजरंला पडली असती, तर त्यांनी चावीला हात बी लावला नसता. त्येचा जामीन मी देतो."

आबासाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी चहाचा कप तोंडाला लावला.

बाबालालभाई जाऊन सोळा वर्षं झाली. आबासाहेब गेले, अण्णा गेले. ताई सुखात आहे. तिच्या मुलीच्या लग्नात दाजींनी ही सगळी गोष्ट मित्रांना हसत हसत सांगितली आणि मला पुढे ओढून म्हणाले, "हाच तो." मीही हसलो. जे लोक मला माफ करू शकत होते त्या सगळ्यांनी मला माफ केलं आहे, बाबालालभाईंनी तर जामीनही दिला.

पण त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवली, तेव्हा मी आरशात पाहिलं होतं. आरशात शेवंती होती. कपाळावरचा लाल गोंडा, कानाजवळची चमकी, तिच्या गळ्याशी बाबालालभाईंचा हात. इतक्या जवळ की बहुतेक काच तिनेच व्यापली होती. ती नाचणाऱ्या पोरांच्या मागे शांत उभी होती. वर दाजी होते, एक हात कमरेवर, काल हसले होते तसेच हसत.

थोडी उडेल, असं मला वाटलं. नवरदेव जरा घाबरेल, पोरं त्याला हसतील. तेवढंच. आणि मग मी दोन आकडे मोजले.